स्वस्त गोळी आधी संपते

शेअर बाजार घसरायला लागला की सल्लागारांचा एक ठरलेला सल्ला असतो : पोलाद, वाहनं, घरबांधणी यांतून पैसा काढा आणि औषध कंपन्यांत टाका. त्या जगात या कंपन्यांना ‘डिफेन्सिव्ह’ म्हणतात. तर्क सरळ आहे. माणूस नवी गाडी पुढच्या वर्षावर ढकलेल, दिवाळीचे कपडे टाळेल, पण मधुमेहाची गोळी कशी टाळेल? गुंतवणूकदारापुरतं हे बरंचसं खरंही आहे. मोठ्या औषध कंपन्यांच्या ताळेबंदावर मंदीचे ओरखडे कमी उमटतात. गफलत होते ती त्यापुढे. कंपनी तगली म्हणजे उद्योग तगला, आणि उद्योग तगला म्हणजे औषध रुग्णापर्यंत पोचलं, असं आपण धरून चालतो. या संग्रहातले लेख नेमकं हेच गृहीतक तपासून पाहतात.

मराठी वाचकाला हा उद्योग परका नाही. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात तो वाढला. तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ इथल्या वसाहतींत औषधांची मूळ द्रव्यं, म्हणजे धंद्याच्या भाषेत ‘बल्क ड्रग’, तयार होतात. वाळूज आणि गोव्यातल्या वेर्णा इथे त्यांच्या गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शनं बनतात. तिथून माल कंपनीच्या डेपोत, डेपोतून स्टॉकिस्टकडे आणि स्टॉकिस्टकडून गल्लीतल्या मेडिकलमध्ये. मराठीत या विषयावर आजवर लिहिलं गेलं ते मुख्यतः दोन अंगांनी : औषधं महाग का, आणि नको ती औषधं का लिहून दिली जातात. दोन्ही प्रश्न कळीचे आहेत. डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या औषधपुरवठ्याचा आणि वापराचा जो अभ्यास केला, तो आजही काढून वाचावा असा आहे. पण अर्थव्यवस्थेला उतरती कळा लागते तेव्हा या साखळीची कुठली कडी आधी ताणली जाते, याकडे आपण फारसं पाहिलेलं नाही.

सगळ्यात आधी ताण येतो तो रुग्णाच्या खिशावर. देशातल्या आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी लोकांनी थेट पदरचा केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्के झाल्याचं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. घट मोठी आहे. तरी त्या पदरच्या खर्चात औषधांचाच वाटा सर्वांत मोठा, आणि सरकारी विमा योजना उचलतात तो प्रामुख्याने इस्पितळात दाखल झाल्यानंतरचा खर्च. रक्तदाबाची रोजची गोळी त्यात बसत नाही.

तालुक्याच्या गावातल्या मेडिकलच्या काउंटरपाशी तासभर उभं राहिलं की हा ताण दिसतो. “पूर्ण स्ट्रिप नको, चारच द्या.” दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापतो. बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली बाजू तो स्वतःकडे ठेवतो, कारण तारखेविनाचा उरलेला तुकडा पुढच्या गिऱ्हाइकाला विकणं अवघड. रुग्णाच्या घरी मात्र तारखेविनाचाच तुकडा जातो. हात आखडला की चारच्या दोन होतात, रोजची गोळी एक दिवसाआड होते, डॉक्टरची फी वाचवायला जुनीच चिठ्ठी पुढे केली जाते. यातलं काहीही कंपनीच्या आकड्यांत लगेच उमटत नाही. कंपनी विक्री मोजते ती बहुधा ‘प्रायमरी’, म्हणजे स्टॉकिस्टला दिलेला माल. स्टॉकिस्टकडून दुकानात जाणारी ‘सेकंडरी’ विक्री वेगळी. महिनाअखेर आली की टार्गेट भरण्यासाठी एमआर, म्हणजे कंपनीचा वैद्यकीय प्रतिनिधी, आणि त्याचा मॅनेजर स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारतात, ‘दहावर दोन फ्री’च्या स्कीम निघतात आणि मंदीची पहिली तिमाही चक्क वाढ दाखवून जाते. पुढे कधीतरी एक्सपायरी मालाची खोकी परत यायला लागतात, तेव्हा कळतं. मंदीतला औषधबाजार समजून घ्यायचा तर कंपनीच्या तिमाही निकालाइतकीच स्टॉकिस्टची उधारीची वही वाचावी लागते, असं माझं मत आहे. या संग्रहात ती वाचणारा एक लेख आहे याचा म्हणूनच विशेष आनंद वाटतो.

दुसरा ताण सरकारी तिजोरीवर. याचं सर्वांत बोलकं उदाहरण ग्रीस. २००९ मध्ये तिथे औषधांवरचा सरकारी खर्च ५ अब्ज युरोंच्या पुढे होता. कर्जसंकटानंतर कर्ज देणाऱ्यांनी घातलेल्या अटींमुळे २०१४ पर्यंत तो सुमारे २ अब्जांवर आणला गेला. आधीचा खर्च अवाच्या सवा होता, त्यात गळती होती, हे ग्रीक लोकही नाकारत नाहीत. पण कपात कशी झाली ते पाहण्यासारखं आहे. २०१० च्या मे महिन्यात सरकारने औषधांच्या किमती फर्मान काढून सुमारे पाव हिश्श्याने उतरवल्या. डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कने आपली नव्या पद्धतीची काही इन्सुलिनं त्या बाजारातून काढून घेतली आणि जुनं इन्सुलिन देऊ केलं. इस्पितळांची थकलेली देणी सरकारने रोख्यांच्या रूपात भागवली, आणि २०१२ मध्ये सरकारी कर्जाची फेररचना झाली तेव्हा त्या रोख्यांचंही मूल्य कापलं गेलं. हात पोळलेले पुरवठादार मग रोखीशिवाय माल देईनात. त्यात ग्रीसमधले भाव युरोपातल्या सर्वांत कमी भावांत मोडू लागल्याने घाऊक व्यापाऱ्यांना तेच औषध जर्मनीकडे वळवणं फायद्याचं ठरलं. कागदावर औषध स्वस्त झालं, आणि अथेन्सच्या दुकानातून दिसेनासं झालं.

ग्रीसकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहायचं कारण नाही. आपल्याकडे राज्य सरकारी इस्पितळांची औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिनच्या महामंडळाकडे गेली आणि २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण करायचं ठरलं. यंत्रणा बदलली तरी दुखणं ओळखीचंच : देयकं थकली की पुरवठादार पुढच्या निविदेकडे फिरकत नाहीत, किंवा थकबाकीचं व्याज आधीच दरात लावून मोकळे होतात. १९९५ पासून काम करणारं तमिळनाडूचं वैद्यकीय सेवा महामंडळ देशभर वाखाणलं जातं, आणि त्यामागे वेळेवर पैसे देण्याची शिस्त हे एक मोठं कारण आहे.

चलनाचं संकट आलं तर ते या दोन्हींपेक्षा वेगाने पसरतं. १९९७-९८ मध्ये इंडोनेशियाचा रुपिया कोसळला तेव्हा तिथले औषध कारखाने कच्च्या मालासाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर होते, आणि कारखाने जागच्या जागी असूनही गोळ्यांचे भाव भडकले. श्रीलंकेत तर कारखानेच थोडे. २०२२ मध्ये परकीय गंगाजळी आटली आणि औषधांसाठी डॉलर उरले नाहीत. मार्चअखेर कँडीजवळच्या पेराडेनिया इस्पितळाने ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याची बातमी आली, तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री कोलंबोतच होते. त्याच महिन्यात भारताने देऊ केलेल्या १ अब्ज डॉलरच्या पतपुरवठ्यात औषधांचाही समावेश होता.

या क्षेत्राचा अभ्यास कसा वाढला, हे नव्या वाचकाला थोडक्यात सांगायला हवं. सुरुवात झाली ती औषधांपासून नव्हे, मृत्यूंपासून. अमेरिकेत हार्वे ब्रेनर यांनी १९७० च्या दशकात बेरोजगारी वाढली की मनोविकार आणि मृत्यूही वाढतात, अशी मांडणी केली. २००० मध्ये क्रिस्टोफर रूम यांनी नेमकं उलटं दाखवून खळबळ उडवली : मंदीत एकूण मृत्युदर घटतो, कारण वाहतूक कमी होते, अपघात कमी होतात, माणसं दारू-तंबाखूवर कमी खर्च करतात. आत्महत्या तेवढ्या वाढतात. डेव्हिड स्टकलर आणि संजय बसू यांनी २०१३ मधल्या पुस्तकात तिसरी बाजू घेतली. त्यांच्या मते जीव घेते ती मंदी नव्हे, मंदीच्या नावाखाली केलेली सरकारी काटकसर. तिघांचे पुरावे वेगवेगळ्या देशांचे, वेगवेगळ्या काळांचे. मला स्टकलर-बसूंची बाजू पटते, पण त्यांनी ग्रीससारख्या ठळक उदाहरणांवर भर दिला आहे हेही नजरेआड करू नये.

दुसरा प्रवाह मागणीचा. केनेथ ॲरो यांच्या १९६३ च्या निबंधापासून अर्थशास्त्रज्ञ सांगत आले आहेत की उपचार ही इतर मालासारखी वस्तू नाही. काय घ्यायचं ते घेणारा ठरवत नाही. मग घेणाऱ्याच्या खिशाचा परिणाम होतो का? अमेरिकेतल्या रँड संस्थेने १९७० च्या दशकात हजारो कुटुंबांना वेगवेगळ्या विमायोजनांत घालून हे तपासलं. ज्यांना पदरचे पैसे भरावे लागले त्यांनी उपचार कमी घेतले, आणि त्यातही गरजेचे आणि बिनगरजेचे दोन्ही सारखेच कमी केले. ‘औषध कोणी टाळत नाही’ या समजुतीला बसलेला हा पहिला मोठा धक्का.

तिसरा प्रवाह उद्योगाचा अभ्यास करणाऱ्यांचा. मंदीत संशोधन आटतं की वाढतं, हा त्यांचा लाडका वाद. १९३३ मध्ये, महामंदीच्या ऐन तळाला, मर्क कंपनीने न्यू जर्सीतल्या राहवे इथे नवी संशोधनशाळा उघडली. दोन वर्षांनी जर्मन संशोधक डोमाक यांचा पहिल्या सल्फा औषधावरचा निबंध आला. त्याच १९३५ मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत सिप्ला स्थापन केली. या दाखल्यांवरून मंदी कल्पकतेला पोषक असते असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला तो घाईचा वाटतो. मर्ककडे गाठीला पैसा होता. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्या प्रयोगशाळांची नोंद इतिहासात राहत नाही.

आपल्याकडचा विचार चौथ्या वाटेने गेला, तो म्हणजे किमती आणि स्वावलंबन. १९७० चा पेटंट कायदा, त्याच वर्षीचा पहिला किंमत नियंत्रण आदेश, तेलसंकटाच्या वर्षांत नेमलेल्या हाथी समितीचा १९७५ चा अहवाल. सगळ्यांत एकच चिंता आहे : परदेशी कंपन्या आणि परकीय चलन यांच्यावर देशाचं औषध अवलंबून राहू नये. १९७९ च्या आदेशाखाली ३४७ औषधद्रव्यं नियंत्रणात होती. १९८७ मध्ये ती १४२ झाली, आणि १९९१ च्या संकटानंतर आलेल्या उदारीकरणात, १९९५ च्या आदेशाने, ७४. या उतरत्या आकड्यांत सोळा वर्षांचं धोरण मावतं.

२००८ च्या मंदीविषयी सावध राहायला हवं. जे जे त्या सुमारास घडलं ते मंदीच्या खात्यावर टाकायची सवय लागली आहे. जानेवारी २००९ मध्ये फायझरने वायेथ ६८ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, सोबत हजारो नोकऱ्यांची कपातही. बँका एकमेकींना पैसे द्यायला कचरत असताना फायझरला मात्र २२.५ अब्ज डॉलरचं कर्ज मिळालं. या व्यवहारामागची खरी भीती होती फायझरच्या लिपिटॉर या कोलेस्टेरॉलवरच्या गोळीचं पेटंट २०११ मध्ये संपण्याची. मंदी नसती तरी काहीतरी खरेदी झालीच असती. आपल्याकडच्या रॅनबॅक्सीचंही तेच. जून २००८ मध्ये जपानच्या दाइची सँक्योने ती विकत घ्यायला शेअरमागे ७३७ रुपये देऊ केले. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स बुडाली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी औषध प्रशासनाने रॅनबॅक्सीच्या पांवटा साहिब आणि देवास इथल्या मालाला दरवाजा बंद केला. पुढे शेअर गडगडला त्यात मंदी किती आणि गुणवत्तेतली लबाडी किती, हे वेगळं काढता येणं कठीण. त्या मानाने वोक्हार्टचं प्रकरण मंदीचं खरं अपत्य. परकीय चलनातले रोखे आणि चलनसौद्यांतला तोटा अंगावर आला, आणि २००९ मध्ये कर्जाची फेररचना करून घ्यावी लागली. औषधं विकली जात होती. गळा आवळला तो पतपुरवठ्याने.

आता मूळ मुद्द्याकडे. ग्रीसमधल्या इन्सुलिनसारखे अपवाद सोडले तर नवं, पेटंटचं, महाग औषध मंदीत सहसा नाहीसं होत नाही. त्यातला नफा एवढा असतो की कंपनी भाव उतरवेल, हप्ते देईल, पण बाजार सोडणार नाही. नाहीसं होतं ते जुनं, स्वस्त, डझनभर कंपन्या करू शकतील असं. अमेरिकेत २०११ मध्ये औषधांच्या नव्या टंचाया २५० च्या पुढे गेल्या आणि राष्ट्राध्यक्षांना त्यावर आदेश काढावा लागला. यादीत भरणा होता तो कर्करोगाच्या आणि भूलशास्त्रातल्या जुन्या इंजेक्शनांचा. २०२३ मध्ये तिथे कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन मिळेना, कारण देशाचा जवळजवळ निम्मा पुरवठा अहमदाबादजवळच्या एकाच कारखान्यातून होत होता आणि तपासणीनंतर ते उत्पादन थांबलं होतं. इतर पुरेसे कारखाने का नव्हते? त्या इंजेक्शनात काही उरत नव्हतं म्हणून. अमेरिकेत जेनेरिक औषधांची खरेदी तीन मोठ्या गटांच्या हाती एकवटली आहे आणि ते भाव पाडत नेतात. निर्जंतुक इंजेक्शनाचा विभाग चालवणं तर सगळ्यांत खर्चिक.

आपल्याकडे हेच दुसऱ्या वाटेने होतं. किंमत नियंत्रणाच्या २०१३ च्या आदेशानुसार आवश्यक औषधांच्या कमाल किमती दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे हलतात. निर्देशांक घसरल्यामुळे २०१६ मध्ये किमती २.७१ टक्क्यांनी उतरवाव्या लागल्या. २०२२ मध्ये त्याच सूत्राने १०.७७ टक्के वाढ मिळाली. पण तो निर्देशांक डिझेल, धातू, धान्य यांचा. वुहानच्या टाळेबंदीनंतर पॅरासिटामॉलच्या पावडरीचा भाव दुपटीच्या घरात गेला, ते त्याला कळत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने आपला खास अधिकार वापरून २१ औषधप्रकारांच्या कमाल किमती एकदम ५० टक्क्यांनी वाढवल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी ८ औषधांच्या. क्षयाची लस, पेनिसिलिन, फ्युरोसेमाइड, डॅप्सोन, लिथियम अशी ही नावं. परवडत नाही म्हणून उत्पादन थांबवू द्या, असे अर्ज कंपन्यांकडून येऊ लागले होते.

पेनिसिलिनचीच गोष्ट घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. एका पिढीच्या पिंपरीकरांची घरं त्या कारखान्यावर चालली. उदारीकरणानंतर चिनी पेनिसिलिन-जी इतक्या कमी भावात येऊ लागलं की देशातलं उत्पादन बंद पडत गेलं, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीची देणी भागवायला तिची जादा जमीन विकायला काढली. आज संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी लागणारं बेन्झाथिन पेनिसिलिन जगातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कारखाने बनवतात. त्यातला एखादा अडखळला की इथल्या जिल्हा रुग्णालयात इंजेक्शन नसतं. मूळ द्रव्यांच्या देशी उत्पादनासाठी २०२० मध्ये ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आली आणि तिच्याखाली काकीनाड्याला पेनिसिलिन-जीचा कारखाना पुन्हा उभा राहिला, ही चांगली बातमी. चिनी भावापुढे तो किती टिकतो ते पाहायचं.

मार्च २०२० मध्ये सरकारने २६ औषधद्रव्यं आणि औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा पहिल्यांदा सर्वसामान्य वाचकाला कळलं की आयात होणाऱ्या मूळ द्रव्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश चीनमधून येतात. दुसरीकडे २०२४-२५ मध्ये आपली औषधनिर्यात ३० अब्ज डॉलरच्या वर गेली, आणि तिचा सुमारे एक तृतीयांश माल एकट्या अमेरिकेत जातो. खरेदी एका देशावर, विक्री दुसऱ्या देशावर, आणि त्या दोघांचं आपसांत बिनसलेलं. पुढची मंदी यातल्या कुठल्याही टोकाने येऊ शकते. म्हणूनच हा संग्रह आत्ता निघतो आहे ते योग्य झालं.

त्यात अर्थशास्त्राचे अध्यापक आहेत तसे उत्पादन खर्चाचे हिशेब करणारे, गावातले डॉक्टर, औषधविक्रेते आणि निवृत्त एमआरही आहेत. सगळ्यांची भाषा एका साच्यात बसवायचा हट्ट संपादकांनी धरलेला नाही, हे बरं केलं. सुरुवात जगापासून न करता दुकानापासून केली आहे. तिजोरी, चलन, पेटंट हे सगळं नंतर येतं. लसी आणि वैद्यकीय उपकरणं यांना बाजूला ठेवलं आहे, कारण त्यांचा ग्राहक आणि त्यांचं अर्थकारण निराळं. आयुर्वेदिक औषधांच्या बाजाराला मात्र जागा द्यायला हवी होती. हात आखडलेला रुग्ण तिकडे वळतो का, हा महाराष्ट्रात तरी विचारण्यासारखा प्रश्न आहे.

किंमत नियंत्रणाविषयीच्या लेखाशी माझा मतभेद आहे. स्वस्त औषधांवरचं नियंत्रण उठवलं की ती परत येतील, असं त्याचं म्हणणं. अमेरिकेत असं नियंत्रण नव्हतं, तरी सिस्प्लॅटिन संपलंच. माझ्या मते दोष सरसकट लावलेल्या सूत्रात आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्या एकाच निविदादाराला सगळी ऑर्डर देण्याच्या पद्धतीत आहे. ऑर्डर दोघा-तिघांत वाटली, थोडा जास्त दर मान्य केला आणि बिलं वेळेवर चुकती केली, तर नियंत्रण ठेवूनही पुरवठा टिकवता येईल. लेखकाने याचं उत्तर आपल्या तळटिपांत दिलं आहे, आणि त्यातला एक आक्षेप, की दोघा-तिघांना ऑर्डर दिली तर ते संगनमत करतील, मला पूर्णपणे खोडता आलेला नाही.